कठड्यापाशी कुणी नव्हतं

विम्याच्या बाई चारला येणार होत्या. भाऊंनी अडीचलाच दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं, काच कापायच्या लांब टेबलावरचा चुरा झाडून काढला आणि भोवती चार स्टुलं मांडली. भिंतीला टेकवलेले विकायचे आरसे त्यांनी कालच उलटे करून ठेवले होते, पाठी बाहेर. का, ते कुणी विचारलं नाही. अपघाताला एकोणीस दिवस झाले होते आणि या घरात आता आरशात बघायची इच्छा कुणालाच उरली नव्हती.

"वाच पुन्हा," ते मुलीला म्हणाले.

"बाबा, तीनदा वाचलंय."

"ते 'विसंबून' की काय, तेवढंच वाच."

चिमी वकिली करायला लागून चार वर्षं झाली होती, तरी घरात ती चिमीच होती. तिनं धडकलेल्या गाडीच्या विमा कंपनीची नोटीस उलगडली. "'सदर वळणावर आपल्या इमारतीच्या भिंतीस आपण बसविलेल्या बहिर्गोल आरशात रस्ता मोकळा दिसल्याने, त्यावर विसंबून वाहनचालकाने वाहन वळविले. सबब सदर अपघाताच्या जबाबदारीत आपणही वाटेकरी आहात.'"

"वाटेकरी!" भाऊंनी टेबलावर हात आपटला. "गाडी चालवत होता दातांचा डॉक्टर. सायकलवरून पडली ती नर्स, पाय तिचा गेला. आणि वाटेकरी कोण, तर ज्यांनी भिंतीवर आरसा लावला ते!"

"रस्त्यावर जे होतं त्याला गाडी चालवणारा एकटाच जबाबदार असतो असं नाही, बाबा. खड्डा खणून उघडा टाकणारा असतो. ब्रेक धड न बसवणारा असतो. आपण आरसा लावलाच नसता तर कुणी आपल्याकडे बोट दाखवलं नसतं. पण लावला, बेचाळीस वर्षं पुसून ठेवला, आणि लोकांना सवय झाली. आता आरशात दिसलं नाही म्हणजे रस्त्यावर कुणी नाही, असंच धरून चालतात सगळे."

"म्हणजे कुणाचं भलं करायलाच नको."

"करावं की. पण मग ते निस्तरायचीही तयारी हवी."

हा आरसा म्हणजे या घराची ओळख होती. भाऊंचा थोरला भाऊ त्या वळणावर ट्रकखाली गेला, लग्नाला वर्ष व्हायच्या आत. त्यानंतर त्यांच्या वडिलांनी, अण्णांनी, स्वतः भट्टीत काच वाकवली, स्वतः पारा चढवला आणि आरसा भिंतीवर लावला, की दुसऱ्या कुणाचा मुलगा असा जाऊ नये. गावात हे पोरासोरांना ठाऊक होतं. त्यांना आडनावानं कुणी ओळखत नसे, आरसेवाले म्हणत. अण्णा वारले तेव्हा वर्तमानपत्रानं अण्णांच्या फोटोऐवजी आरशाचा फोटो छापला होता.

घरातल्यांना मात्र आणखी एक गोष्ट ठाऊक होती. आरसा फिरायचा.

अण्णा गेले त्या महिन्यात भाऊंनी शिडी लावून आरसा पहिल्यांदा घासून पुसला, तेव्हा मळाखाली त्यांना लोखंडी पट्टीवर अण्णांच्या हातची लाल रेघ सापडली. आरसा त्या रेघेपासून चांगला चार बोटं ढळला होता. भाऊंनी तो रेघेवर आणला. दोन दिवसांनी बघतात तर पुन्हा चार बोटं बाजूला. तेव्हापासून अकरा वर्षं हे चाललं होतं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी भाऊ आरसा रेघेवर आणत आणि तो परत फिरे. त्यांनी नट बदलले, वाऱ्याला नावं ठेवली, कावळ्यांना ठेवली. त्यांच्या बायकोनं, माईनं, त्या अंगाला कपडे वाळत घालणंच सोडून दिलं. मग दोन महिन्यांपूर्वी एका सकाळी दूध घेऊन येताना भाऊंनी मान वर केली आणि ते जागीच थबकले. जिन्याच्या खिडकीतून एक वाळकी बाई कमरेपर्यंत बाहेर आली होती आणि झाडूच्या दांड्यानं आरसा हळूहळू ढकलत होती. थोरल्याची बायको. त्यांची वहिनी.

"मी काय म्हणतो," भाऊ आता आवाज खाली आणून म्हणाले, "जे आहे तेच सांगायचं. वहिनींनी फिरवला. त्यांचं वय झालंय, मनावर परिणाम आहे, आपण काय करणार?"

"बरोबर आहे," आत्या लगेच म्हणाली. भाऊंची ही मोठी बहीण सकाळच्या गाडीनं आली होती, तेव्हापासून बोलायला उतावीळ होती. "वहिनींचं डोकं त्या दिवसापासून ठिकाणावर नाहीच. डॉक्टरचं एक सर्टिफिकेट आणा. त्यांना कुणी काही विचारायलाच नको. बोलतील काहीतरी भलतंसलतं."

"वेड्या माणसाला घरात ठेवलं आणि आरशाजवळ जाऊ दिलं, असं म्हणतील मग," चिमी म्हणाली. "पण त्यातून वाट निघते. जबाबदारी पातळ होते."

"पातळ होते ना? झालं तर."

वर पावलं वाजली. कुणीतरी खोलीच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत गेलं आणि थांबलं. चौघांनी छताकडे बघितलं.

"वहिनींनी फिरवला नाही," माई म्हणाली.

ती इतका वेळ एक शब्द बोलली नव्हती. आताही ती बोटातल्या अंगठीकडे बघत होती.

"खिडकीला कुलूप आहे. मी घातलं. त्या पडतील म्हणून, रविवारी संध्याकाळी, तुम्ही आरसा पुसून खाली आल्यावर. किल्ली माझ्याकडे होती. अपघात मंगळवारी झाला."

"अगं, मग एकोणीस दिवस बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तुम्ही म्हणत होता वहिनींनी फिरवला आणि मागाहून सरळ केला. मला माहीत होतं, त्या हात लावूच शकत नव्हत्या. मग कुणी फिरवला? मी रोज रात्री पडल्या पडल्या हेच..." तिनं अंगठी फिरवली. "मला त्या आरशाची भीती वाटते हो."

*

काकूच्या खोलीचं दार उघडंच होतं. चिमीनं पाऊल टाकायच्या आत काकू म्हणाली, "ये. खाली माझ्या डोक्याचं काय ठरलं?"

लहानपणी चिमी याच खोलीत झोपायची. आई रागावली की इथे, बाबा रागावले की इथे. आज ती वहीत घालून एक कागद घेऊन आली होती, मन ठिकाणावर नसतं असं लिहिलेला, आणि त्यावर काकूची सही हवी होती. तो कागद तिनं वहीतच राहू दिला.

"काकू, तू आरसा फिरवायचीस?"

"फिरवायचे."

"का?"

काकूनं पायात चपला घातल्या. "भाऊजींना सांग, नाल्याच्या कठड्यापाशी जाऊन उभे राहा. आणि तू माझ्याबरोबर चल."

वळण काटकोनात होतं आणि घर त्याच्या नेमक्या कोपऱ्यात. एका बाजूचा रस्ता नाल्याकडून येत होता, दुसरा टपालपेटीकडून, आणि मधल्या उंच भिंतीमुळे एकीकडून दुसरीकडचं काहीच दिसत नसे. नर्स नाल्याकडून आली होती, डॉक्टर टपालपेटीकडून. काकू टपालपेटीशी थांबली. वारा पडला होता. आभाळ राखेसारखं एकसारखं पसरलं होतं आणि जमिनीवर कशाचीच सावली नव्हती.

"वाक," काकू म्हणाली. "गाडीत बसलेल्या माणसाचे डोळे असतात तेवढी. आता आरशात बघ."

चिमी गुडघ्यांवर हात ठेवून वाकली. आरसा रेघेवर होता. मंगळवारपासून त्याला कुणी हात लावला नव्हता. त्यात रस्ता वाकून आत शिरला होता. विजेचा खांब, समोरच्यांचं फाटक, कठड्याची पांढरी टोकं, सगळं बारीक पण स्वच्छ. तपकिरी स्वेटर घातलेले बाबा दुकानातून निघून कठड्याकडे चालत होते. एक बोटभर माणूस. पाच पावलं, सहा पावलं. मग तो माणूस अंगानं बारीक होऊ लागला. कडेकडेनं कुणीतरी पुसत आणावं तसा. तो दोऱ्याएवढा झाला आणि मग दोराही नव्हता.

रस्ता रिकामा होता. कठडा होता, खांब होता, मध्ये कुठे काही तुटलेलं, फाटलेलं दिसत नव्हतं. फक्त माणूस नव्हता.

"बाबा?" ती ओरडली. "कठड्यापाशी थांबा!"

"थांबलोय की," भिंतीपलीकडून बाबांचा आवाज आला. आरशात कुणी नव्हतं. "किती वेळ उभं राहायचं?"

चिमी आणखी खाली वाकली. "हात हलवा."

"हलवतोय. दोन्ही हलवतोय. दिसतंय का?"

ती धावत कोपऱ्यापर्यंत गेली. बाबा कठड्याला पाठ लावून उभे होते आणि दोन्ही हात डोक्यावर हलवत होते, एखाद्या बुडणाऱ्या माणसासारखे.

"काच वाकवताना तिला एक बाक राहिलाय," मागून काकू शांतपणे म्हणाली. "जवळून बघितलं तर कळतही नाही. एवढाच तुकडा गिळतो तो. आरसा चार बोटं फिरवला की ती गिळलेली जागा समोरच्यांच्या भिंतीवर जाते. तिथे कुणी चालत नाही."

"तुला कसं कळलं हे?"

काकू आरशाकडे बघत होती. "मी इथेच, टपालपेटीशी उभी होते. ह्यांची वाट बघत. ते नाल्याकडून येत होते आणि शीळ घालत होते. शीळ मला ऐकू येत होती, अगदी जवळून. मी आरशात बघितलं तर रस्त्यावर कुणी नाही. मला वाटलं, लपले असतील, गंमत करतायत. तेवढ्यात माझ्या शेजारून ट्रक गेला. ड्रायव्हर थांबला होता गं. त्यानंही मान वर करून आरशात बघितलं, मगच वळला." ती जरा थांबली. "शीळ मध्येच बंद झाली."

चिमीच्या मनात आधी शिळेचाच विचार येत राहिला. काकूच्या बोलण्यातली दुसरी गोष्ट तिच्या ध्यानात यायला वेळ लागला.

"काकू," ती म्हणाली, "तेव्हा आरसा कुठे होता? आरसा तर काका गेल्यावर लावला ना?"

*

आत्यानं हे जिन्याच्या तोंडाशी उभं राहून ऐकलं. ती त्यांच्या मागोमाग बाहेर आली होती, वहिनींना अडवायला.

सोळा वर्षांची होती ती. अण्णा वर चढले होते आणि शिडी तिनं धरली होती. लाल रंगाचा एक थेंब तिच्या मनगटावर पडला होता आणि ती हसली होती. त्यानंतर सातव्या दिवशी थोरला गेला. पोलीस यायच्या आधी अण्णा एकटेच टपालपेटीपाशी गेले, खाली वाकले आणि बराच वेळ आरशाकडे बघत राहिले. परत आले तेव्हा त्यांचे ओठ निळे पडले होते. त्यांनी शिडी मागितली, आरसा उतरवला, पोत्यात गुंडाळला. महिन्याभरानं पुन्हा लावला, थोडा फिरवून. म्हणाले, आरसा थोरल्यानंतर लावला. सगळ्यांनी हेच सांगायचं. भाऊ तेव्हा चौदा वर्षांचा, सुट्टीला मामाकडे होता. त्याला जे सांगितलं तेच त्यानं खरं मानलं. आणि आपण? आपणही सांगत गेलो. सासरी, शेजारी, मुलांना, नातवंडांना. सांगता सांगता तिलाच ते खरं वाटायला लागलं होतं, इतकं की शिडीची आठवण तिला एखाद्या स्वप्नासारखी वाटे.

कठड्याकडून भाऊ परत आले. "काय झालं? चिमी, अशी पांढरी का पडलीस?"

चिमीनं सांगितलं. भाऊंनी पूर्ण ऐकून घेतलं नाही. "खोटं आहे. वहिनी, तुम्ही... अण्णांवर? बेचाळीस वर्षांनी? ते नाहीत म्हणून?"

"ते असतानाच सांगायचं होतं, भाऊजी. बावीस वर्षांची होते. म्हणाले, तू बोललीस तर मी माझ्याच मुलाला मारलं असं होईल, आणि मी जगणार नाही. ते होते तोवर आरसा त्यांनी फिरवलेलाच ठेवला. तुम्हाला रेघ सापडली आणि तुम्ही..." ती थांबली. "तुम्हाला अण्णांची रेघ एवढी प्रिय होती. सांगायला जीभच रेटेना. म्हणून मी फिरवत राहिले."

"ताई," भाऊ बहिणीकडे वळले. त्यांना आधार हवा होता. सकाळपासून ती त्यांच्याच बाजूनं बोलत होती. "ताई, तू घरी होतीस तेव्हा. सांग यांना."

आत्यानं तोंड उघडलं. नेहमीची वाक्यं तिच्या जिभेवर तयार होती.

"शिडी मी धरली होती," ती म्हणाली. "थोरला तेव्हा जिवंत होता. खाली उभा राहून अण्णांना सांगत होता, जरा डावीकडे घ्या, जरा डावीकडे."

रस्त्यावरून एक गाडी आली. टपालपेटीशी मंदावली. चालवणाऱ्या माणसानं आरशात बघितलं, गाडी वळवली आणि तो निघून गेला. चौघंही श्वास रोखून उभी होती. कठड्यापाशी तेव्हा कुणी नव्हतं. खरोखरच नव्हतं.

*

चारला दहा कमी असताना चिमी वडिलांना दुकानात घेऊन गेली. माई पाण्याचा ग्लास ठेवून बाजूला उभी राहिली.

"बाबा, नीट ऐका. काचेत दोष होता आणि कुणाला माहीत नव्हता, हे एक. दोष माहीत होता, लपवला, आणि आरसा तसाच रस्त्यावर ठेवला, हे फार वेगळं. त्या बाई एकच प्रश्न विचारतील, की कधीपासून माहीत होतं. आज कळलं असं तुम्ही म्हणालात तर ते खोटंही नाही. तुम्हाला आजच कळलंय."

"आणि वहिनींना?"

"त्यांना कुणी विचारलं तर." चिमीनं वहीवर हात ठेवला. "डोक्यावर परिणाम असलेल्या बाईचं बोलणं कुणी धरत नाही. कागद माझ्याकडे आहे. मी तो देणार नाही, तुम्ही मागितलात तरी. पण तसा कागद कुणीही तयार करू शकतं, म्हणून सांगतेय."

भाऊ पाणी प्यायले नाहीत. ते आपल्या हातांकडे बघत होते. या हातांनी त्यांनी अकरा वर्षं, दर पहिल्या रविवारी, रेघेला रेघ जुळवली होती. एक डोळा मिटून, जीभ दातात धरून. आणि दर वेळी एका बाईनं खिडकीबाहेर लोंबकळून ती मोडली होती. त्यामुळे किती लोक कठड्यापाशी सुखरूप चालत गेले असतील, कुणाला पत्ताही नसेल.

"कुलूप मी घातलं," माई हळूच म्हणाली. "माझंही नाव सांगा."

विम्याच्या बाई वेळेवर आल्या. हातात मोजपट्टी आणि कॅमेरा, बोलणं मोजकं. त्यांनी उलट्या आरशांकडे एकदा बघितलं, पण विचारलं काही नाही. टपालपेटीपाशी उभं राहून त्यांनी आपल्या साहाय्यकाला कठड्याकडे पाठवलं. तो दिसेनासा झाला तेव्हा त्यांनी कॅमेरा खाली घेतला, पुन्हा वर केला, पुन्हा खाली घेतला.

"हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?" त्यांनी विचारलं.

काकू भाऊंच्या शेजारी उभी होती. ती बोलणार एवढ्यात भाऊंनी हात किंचित पुढे केला, लहान मुलाला रस्त्याच्या कडेला थोपवावं तसा.

"मला आज कळलं," ते म्हणाले. "या घराला बेचाळीस वर्षांपासून माहीत आहे. अपघाताच्या आदल्या रविवारी आरसा या जागेवर मीच आणला. आमची वहिनी तो हलवून ठेवायची, म्हणून इतके दिवस कुणाला काही झालं नाही. तिचं डोकं आमच्यापेक्षा ठिकाणावर आहे. लिहा तसं."

बाईंनी लिहून घेतलं. मोजायला आणि फोटो काढायला पाऊण तास गेला. मग आरसा उतरवायला त्यांची हरकत नाही असं त्यांनी कागदावर देऊन टाकलं. भाऊंनी शिडी लावली. ती धरायला आत्या पुढे झाली, पण शिडीला हात लावायच्या आधीच मागे सरली; शेवटी माईनं धरली.

*

हॉस्पिटलात भेटायची वेळ दहाची होती. भाऊ दुसऱ्या दिवशी एकटेच गेले. चिमीनं बजावलं होतं की प्रकरण चालू असताना दुसऱ्या बाजूच्या माणसाला असं भेटायचं नसतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि चपला घातल्या.

नर्स तिशीची असेल. ज्या वॉर्डात ती काम करायची तिथेच खिडकीजवळ तिला ठेवलं होतं. पांघरूण उजवीकडे गुडघ्याखाली सपाट होतं. भाऊंनी तिकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण सगळ्यात आधी नजर तिथेच गेली.

"तुम्ही कोण?"

"वळणावरचं काचेचं दुकान आमचं."

"आरसेवाले." तिनं मान हलवली, जणू कुणीतरी येणार हे तिला माहीतच होतं. "बसा. मी त्या दिवशी तुमच्या आरशात बघितलं होतं."

भाऊ बसले.

"कठड्याच्या बरीच अलीकडे होते मी. लांबूनच ती गाडी दिसली आरशात. हळू येत होती. म्हटलं, गाडी मला दिसतेय म्हणजे मीही तिला दिसत असणार. म्हणून घंटीसुद्धा वाजवली नाही. आत बसलेला माणूस थेट माझ्याकडे बघत होता." ती खिडकीकडे वळली. "आता सगळे विचारतात, बघितलं कसं नाहीस. डॉक्टर येऊन रडून गेले. म्हणाले, शपथेवर सांगतो, रस्त्यावर कुणी नव्हतं. मग मलाच वाटायला लागलं की मी तिथे नव्हतेच. रात्री जाग आली की मी उशाशी हात फिरवून बघते, आहे ना मी."

"तुम्ही होता," भाऊ म्हणाले. "तुम्ही बरोबर होता. आरशात कठड्याजवळची तेवढी जागाच नाही. तिथे माणूस आला की तो दिसत नाही. कालच कळलं. मी लिहून दिलंय तसं."

बाहेर व्हरांड्यातून कुणीतरी ट्रॉली ढकलत नेली. मग तिनं डोळे पुसले नाहीत, नुसते मिटून घेतले.

"म्हणजे मी होते," ती म्हणाली.

"होता."

"सांगा मला. पहिल्यापासून सांगा. काही गाळू नका."

भाऊंनी खुर्ची पुढे ओढली. आयुष्यभर त्यांनी ही गोष्ट शंभरदा सांगितली असेल, गिऱ्हाइकांना, पाहुण्यांना, वर्तमानपत्रवाल्यांना. पहिलं वाक्य नेहमी तेच असायचं. या वेळी ते जिभेवर आलं आणि त्यांनी गिळलं.

"आरसा आधी लागला," ते म्हणाले. "माझा भाऊ नंतर गेला."